सतरा गज, अठरा फटी

कॅड सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे संगणकावर भागांची मॉडेल काढायच्या साधनात, एक कठडा काढायचा आहे. त्याच्या दोन खांबांमधलं मोकळं अंतर २००० मिमी आहे. त्यात १२ मिमी जाडीचे चौकोनी गज उभे करायचे आहेत आणि एकही फट १०० मिमीपेक्षा मोठी नको. पहिली फट १०० ची, मग दर ११२ मिमीवर एक गज, असा पॅटर्न (एकाच भागाच्या ठरावीक अंतरावरच्या आपोआप प्रती) लावला की सतरा गज बसतात, पण शेवटची फट ९६ उरते. कागदावर कळतही नाही, कठड्यावर मात्र डोळ्यांत भरते.

हिशोब उलट्या बाजूने करायचा. गजांपेक्षा फटी एकने जास्त. म्हणून (२००० − १७ × १२) ÷ १८, म्हणजे फट ९९.७८ मिमी. सॉफ्टवेअरला मात्र फट नव्हे, पिच हवी असते : एका गजाच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत, म्हणजे १११.७८. पिचच्या जागी फट टाकली की प्रत्येक टप्प्यात १२ मिमी कमी पडतात आणि सोळा टप्प्यांनंतर शेवटचा गज १९२ मिमी अलीकडे थांबतो.

हा आकडाही हाताने टाकू नये. सॉफ्टवेअरमध्ये आकडा भरायच्या चौकटीत सूत्रच लिहावं. गजांची संख्यासुद्धा सूत्रानेच काढता येते : (लांबी − कमाल फट) ÷ (कमाल फट + जाडी), आणि उत्तर पुढच्या पूर्ण संख्येपर्यंत वर न्यायचं. इथे १६.९६ येतं, म्हणून १७. उद्या लांबी बदलली तरी कठडा आपोआप जुळतो.

बोल्ट वर्तुळात बसवायचे असतील तर गणित वेगळं. पूर्ण फेरीत शेवटचा भाग पहिल्याला येऊन मिळतो, त्यामुळे जितके बोल्ट तितकेच टप्पे. ३६० अंशांत आठ बोल्ट 'पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत' अशा पर्यायाने पसरवले, तर आठवा पहिल्याच्या अंगावरच बसतो. चित्रात सात दिसतात, सामानाच्या यादीत आठ! सात बोल्टांना ३६०/७ असंच लिहावं. ५१.४ टाकलं तर सातव्या बोल्टापर्यंत ०.१७ अंशाची तूट साचते. ३०० मिमी व्यासाच्या बोल्ट-वर्तुळावर ती ०.४५ मिमी होते. एम १० (१० मिमी व्यासाच्या) बोल्टासाठी ११ मिमीचं भोक असेल तर बोल्टाभोवतीची मोकळीक अवघी ०.५ मिमी, म्हणजे ती जवळपास संपलीच.

चोवीस बोल्ट एकेक करून मेट (दोन भाग एकमेकांना जुळवणारी अट) लावत बसवणं हा निव्वळ हट्ट. समअक्षी मेटने, म्हणजे बोल्ट आणि भोक यांचा अक्ष एकच केला की, बोल्टाच्या सहा हालचालींपैकी (तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या) चार थांबतात, डोकं पृष्ठभागाला टेकवलं की पाचवी. उरतं स्वतःभोवती फिरणं, ते बहुधा चालतं. चोवीस बोल्टांना असे ४८ मेट लागतात आणि प्रत्येक बदलाला सॉफ्टवेअर ते सोडवत बसतं. पॅटर्नमध्ये पहिल्या बोल्टाचे दोनच. बाकीचे तेवीस नुसती जागा आणि दिशा लक्षात ठेवतात. मूळ एक आणि त्याच्या नोंदी अनेक, ही कल्पना १९६३ च्या स्केचपॅड या संगणकीय रेखाटन-प्रोग्रॅमपासूनची, आयव्हन सदरलँड यांची.

त्याहून बरा मार्ग म्हणजे फ्लँजमधल्या (बोल्टांनी जोडायच्या गोल कडेतल्या) भोकांचा जो पॅटर्न आहे, त्यालाच बोल्टांचा पॅटर्न जोडणं. भोकं सहाची आठ केली की बोल्टही आठ होतात. दिशा दाखवायला मात्र कडा निवडू नये. पुढे कुणी ती कड गोलसर केली की मूळ कड नाहीशी होते आणि पॅटर्न कोलमडतो. अक्ष किंवा संदर्भ-प्रतल (मोजमापासाठी धरलेला काल्पनिक सपाट पृष्ठभाग) निवडावं. एखादी जागा ब्रॅकेटने अडली असेल तर तेवढी प्रत पॅटर्नमधून वगळावी; नुसती लपवली तर ती सामानाच्या यादीत मोजली जाऊ शकते.