काळा प्लग: काजळी की ऑइल?

जुन्या पद्मिनीचा किंवा अ‍ॅम्बेसेडरचा स्पार्क प्लग काळा निघाला की गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: "प्लग गेलेत साहेब, सेट बदलू." नवा सेट बसतो, काही दिवस गाडी मस्त चालते आणि पुन्हा मिसिंग (इंजिनाचे ठोके चुकणं) सुरू. प्लग दोन कारणांनी काळा होतो, अर्धवट जळलेल्या पेट्रोलच्या काजळीने किंवा इंजिन ऑइलने. पहिलं काम बहुतेकदा ट्यूनिंगमध्ये भागतं, दुसऱ्यासाठी इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवायची वेळ येऊ शकते. त्यामुळे पाकीट काढण्याआधी प्लग नीट बघा.

बोट फिरवलं तरी कळतं. काजळी कोरडी आणि मऊ असते, कंदिलाच्या काचेवर धरते तशी. पटकन निघून येते. ऑइलचा थर ओला, चकचकीत, आट्यांपर्यंत पसरलेला. पुसला तरी बोट चिकट राहतं आणि जळक्या ऑइलचा वास येतो. (ओल पातळ असून नुसता पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी फ्लड झालीये (जास्त पेट्रोल गेलंय) किंवा त्या प्लगला करंट पोचत नाहीये.)

चारही प्लग सिलिंडरच्या क्रमाने फडक्यावर मांडा. चारही सारखेच काजळलेले असतील तर दोष सगळ्यांच्या वाटेवरचा: चोक (थंड इंजिन स्टार्ट करताना हवा अडवणारी झडप) पूर्ण उघडत नाही, एअर फिल्टर तुंबलाय, कार्बोरेटरची फ्लोट लेव्हल (आतल्या पेट्रोलची पातळी) वर आहे, नाहीतर ठिणगीचा करंट पुरवणारे कॉइल आणि पॉइंट कमजोर झालेत. एकच तेलकट असेल तर त्या सिलिंडरमध्ये ऑइल उतरतंय.

पण ठाण्यातल्या गाडीच्या काजळीवर लगेच विश्वास ठेवू नका. प्लगचं टोक साधारण 450 ते 500 अंश सेल्सियसच्या वर गेलं तरच त्याच्यावरचा कार्बन जळून जातो. घोडबंदर रोडच्या जॅममध्ये रांगत आलेल्या गाडीत तेवढी उष्णता कुठून येणार? त्याहून वाईट म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर रविवारी चोक ओढून पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करण्याची सवय. बॅटरीही धड चार्ज होत नाही, वर प्लग काळे. म्हणून आधी सकाळी लवकर नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर वाशीहून बेलापूरकडे टॉप गिअरमध्ये एका लयीत गाडी चालवा. सुरक्षित जागी बाजूला घ्या, आयडलला न ठेवता बंद करा, इंजिन थंड झाल्यावर तिथेच प्लग काढा. टोकाभोवतीचं पोर्सिलेन फिकट तपकिरी किंवा राखाडी दिसलं तर कार्बोरेटरला हात लावायची गरज नाही.

ऑइलच्या बाबतीत धूर बघा. गाडी थोडा वेळ उभी राहून पुन्हा स्टार्ट केल्यावर, किंवा उतारावर पाय सोडून परत अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर आला, तर संशय व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो ती नळी) आणि तिथल्या ऑइल सीलवर. चढावर जोर देताना सतत निळा धूर, तर पिस्टनच्या रिंगांवर. खात्री करायची तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा, मग प्लगच्या भोकातून छोटा चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वाढला तर रिंगा झिजल्यात. फारसा हलला नाही तर व्हॉल्व्हकडे वळा.

काही मिस्त्री अशा गाडीला जास्त 'गरम' प्लग (ज्याचं टोक जास्त तापतं असा) लावून देतात. प्लग काही दिवस स्वच्छ राहतो, गाडी ऑइल मात्र पीतच राहते. मला ही पळवाट पटत नाही. आणि लावायचाच तर प्लगवरचा उष्णतेचा आकडा जपून वाचा: एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये (आपल्या जुन्या मायकोचा वारसदार) मोठा आकडा म्हणजे गरम. एकाचा आकडा दुसऱ्यात शोधलात तर उलटंच हाती येईल.

काजळीचे प्लग साफ करून परत वापरता येतात: पितळी ब्रश, थोडं पेट्रोल, मग फिलर गेजने (फट मोजायच्या पात्यांनी) मॅन्युअलमधला गॅप. पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, तेव्हा प्लग थंड इंजिनवरच काढा आणि बसवताना आधी हाताने फिरवा. आटे सरळ धरले की मगच पाना लावा.