पॉइन्सेटिया : निवड व घरगुती संगोपन (खान्देश)

पॉइन्सेटिया : (लालपत्ती, लॅ. यूफोर्बिया पल्चेरिमा, कुल-यूफोर्बिएसी). मेक्सिको व मध्य अमेरिकेतील हे झुडूप रानात ३–४ मी. उंच वाढते. शेर व त्रिधारी निवडुंग यांच्याच यूफोर्बिया प्रजातीतले असल्याने खोड मोडताच पांढरा चीक येतो. ज्याला फूल म्हणतात ते रंगीत छद, म्हणजे फुलोऱ्याखालची पाने, होत. खरी फुले त्यांच्या मधोमध, पिवळसर हिरव्या पेल्यांसारख्या फुलोऱ्यांत असतात.

नावाचा वाद : अमेरिकेचे मेक्सिकोतील पहिले राजदूत जोएल रॉबर्ट्स पॉइन्सेट (१७७९–१८५१) यांना हे झाड १८२८ च्या सुमारास ताश्को गावाजवळ आढळले व त्यांनी ते मायदेशी धाडले, अशी रूढ कथा आहे. फिलाडेल्फियाच्या जून १८२९ मधील पुष्पप्रदर्शनाच्या वृत्तांतात पॉइन्सेट यांनी बार्ट्राम बागेस दिलेल्या लाल छदांच्या यूफोर्बियाचा उल्लेख येतो. काही अभ्यासक या पाठवणीचे श्रेय मेक्सिकोत गेलेल्या विल्यम मॅक्ल्युअर व टॉमस से या निसर्ग-अभ्यासकांना देतात. वृत्तांत समकालीन असल्याने पॉइन्सेट यांना निदान देणगीदार मानणे सयुक्तिक वाटते. ‘शोधक’ हे बिरुद मात्र अतिशयोक्त आहे, कारण आझ्टेक लोकांना हे झाड क्वेत्लाशोचित्ल या नावाने आधीच ठाऊक होते. शास्त्रीय नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ क्लोट्श यांनी, त्यांच्या आधीचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्डेनो यांनी दिलेल्या नावाच्या आधारे, १८३४ मध्ये प्रसिद्ध केले. एडिंबरोचे वनस्पतिशास्त्रज्ञ ग्रॅहम यांनी १८३६ मध्ये ‘पॉइन्सेटिया’ ही वेगळी प्रजाती कल्पिली. ती पुढे यूफोर्बियात विलीन झाली, पण बाजारात नाव तेच उरले.

रंग येण्याची क्रिया : हे लघुदिन झाड आहे. रात्र सुमारे बारा तासांहून मोठी होऊ लागली की कळ्या धरतात व ८–१० आठवड्यांत छद रंगतात (दीप्तिकालिता, म्हणजे दिवस-रात्रीच्या लांबीला झाडाने दिलेला प्रतिसाद). परदेशी पुस्तिकांत झाडावर रोज संध्याकाळी खोका झाकण्याचा सल्ला असतो. जळगाव-धुळ्याच्या अक्षांशावर (सुमारे २१° उ.) सप्टेंबरअखेरपासून रात्र आपोआप लांबते आणि डिसेंबरात दिवस १० तास ५० मिनिटांवर येतो, त्यामुळे अंगणातल्या झाडाला खोक्याची गरज नाही. अडचण उजेडाची असते. कळ्या धरण्याचा काळ नेमका नवरात्र-दिवाळीचा. रात्रभर जळणारा आकाशकंदील, ओट्यावरचा दिवा किंवा रस्त्यावरचा खांब कुंडीवर प्रकाश टाकत असेल, तर झाड हिरवेच राहते. अशा वेळी खोक्यापेक्षा कुंडी परसदारी हलवणे सोपे. दुसरी अडचण ऑक्टोबर हीटची. रात्रीचे तापमान २४° से.च्या वर राहिल्यास कळ्या धरणे लांबणीवर पडते. म्हणून नाताळाला हवा असलेला रंग काही वर्षी संक्रांतीच्या आसपास येतो.

निवड : मधल्या पेल्यांतून पिवळे पराग सांडू लागले असतील, तर झाडाचा बहर सरत आला असे समजावे, कळ्या मिटलेल्याच घ्याव्यात. पाने बुडापर्यंत गडद हिरवी हवीत. कुंडीतील झाडे ठेंगणी दिसतात ती वाढरोधकांमुळे (वाढ रोखणाऱ्या रसायनांमुळे). त्यांचा अंमल ओसरला की दुसऱ्या वर्षी झाड उंच होते. ही रोपवाल्याची लबाडी नव्हे. कुंडीतील झाडांच्या भरगच्च फांद्यांमागे फायटोप्लाझ्मा हा सूक्ष्मजीव असल्याचे १९९७ मध्ये दाखवले गेले; झाडाचा रोग माळ्याच्या पथ्यावर पडल्याचे हे विरळ उदाहरण. डिसेंबरातील गार पहाटे रोप मोटारसायकलवर उघडे आणू नये, १०° से.खाली पाने गळतात.

माती व पाणी : खान्देशातील काळी माती चिकण व अल्कधर्मी असते, नुसती कुंडीत भरल्यास मुळे कुजतात. पोयटा, कुजलेले शेणखत व भरड वाळू यांचे मिश्रण चालते. मातीला वाफसा आल्यावरच पाणी द्यावे. कुंडीभोवतीचा चकचकीत कागद काढावा, त्यात पाणी तुंबते. बोअरच्या जड पाण्यापेक्षा साठवलेले पावसाचे पाणी बरे.

उन्हाळा : येथील खरी कसोटी हीच. जळगाव-भुसावळकडे पारा कित्येकदा ४५° से.च्या पुढे जातो. छद गळल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, झाड १०–१५ सेंमी. ठेवून छाटावे व पूर्वेच्या सावलीत, तापलेल्या धाब्यापासून दूर ठेवावे. पावसाळ्यात नवी फूट आली की शेंडे खुडावेत, मात्र ऑगस्टअखेरनंतर खुडू नये. छाटलेल्या काड्या कोमट पाण्यात बुडवून चीक थांबवला, की जून-जुलैत त्यांची रोपे होतात.

कीड : पांढरी माशी (बेमिसिया टॅबॅकाय) ही मुख्य कीड; कपाशीवर पडते तीच. १९८६ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात तिचा एक आक्रमक प्रकार पॉइन्सेटियाच्या काचगृहांत प्रथम ध्यानात आला. खान्देश कपाशीचा मुलूख असल्याने शेताशेजारच्या घरांत पानांच्या पाठी वरचेवर पाहाव्यात. झाड हलवताच पांढरी धूळ उडावी तशी माशी उडते. निंबोळी अर्काची फवारणी पानांच्या खालून करतात.

विषारीपणा : १९१९ मध्ये हवाई बेटांत याचे पान खाऊन एक मूल दगावल्याची कथा वारंवार सांगितली जाते, तिला आधार नाही. अमेरिकी विषबाधा केंद्रांकडील २२,७९३ नोंदींच्या १९९६ मधील अभ्यासात एकही मृत्यू आढळला नाही. चिकाने त्वचेची आग होते व डोळे झोंबतात, म्हणून छाटणीनंतर हात धुवावेत. शेराचा चीक याहून पुष्कळ तीव्र असतो.