खुब्याचं हाड मोडलं: एकीचा गोळा बदलला, दुसरीला रॉड टाकला, असं का?

इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या गल्लीत गेल्या हिवाळ्यात दोघी पडल्या. नर्मदेचं पाणी आलं म्हणून बादल्या भरताना आत्या मोरीत घसरली. पंधरा दिवसांनी समोरच्या काकू देवापुढून उठताना तोल जाऊन पडल्या. दोघींचं ‘खुब्याचं हाड मोडलं’. मग आत्याचा गोळा बदलला, काकूंना रॉड टाकला, आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली की आत्याच्या गळ्यात महागडं ऑपरेशन मारलं. तसं नव्हतं.

मांडीच्या हाडाच्या टोकाला गोळा असतो, तो कमरेच्या खोबणीत फिरतो. गोळ्याखाली बारीक मान, आणि मान जाड हाडाला मिळते तिथे दोन उंचवटे. आत्याची मान मोडली होती. गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या बहुतेक वाहिन्या या मानेला चिकटूनच वर जातात. मान मोडून सरकली की त्याही तुटतात. स्क्रूने जोडलं तरी पुढे गोळा सुकण्याची भीती राहते, आणि म्हाताऱ्या माणसाला पुन्हा टेबलावर घेणं सोपं नसतं. म्हणून गोळाच बदलतात. मान सरकलेली नसेल तर बहुधा स्क्रूवर भागतं.

काकूंचं हाड उंचवट्यांमधून मोडलं होतं. तिथे रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे ते जुळतं. जुळेपर्यंत रॉड नाहीतर पट्टी-स्क्रूने धरून ठेवायचं. पण रक्तस्रावही तिथेच जास्त. काकूंची मांडी काळीनिळी झाली, हिमोग्लोबिन उतरलं, रक्त चढवावं लागलं.

दोघींचा पाय आखूड दिसत होता, पाऊल बाहेर वळलेलं. काकूंचं तर पार आडवं पडलेलं. खरी फसवणूक होते ती मान मोडून टोकं एकमेकांत रुतली तर. माणूस लंगडत चालतं, जांघेत किंवा नुसतं गुडघ्यात दुखतं, एक्स-रेतही कधीकधी दिसत नाही. मुका मार समजून मालिश करू नका, रुतलेलं सरकेल. एक्स-रे साफ आहे पण पायावर भार देववत नाही, तर एमआरआयबद्दल नक्की विचारा.

‘या वयात कशाला चिरफाड’ हे ऐकलं की मला राग येतो. अंथरुणाला खिळल्यावर न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या हे सगळं येतं. दोन्ही प्रकारांत शक्यतो 48 तासांच्या आत ऑपरेशन आणि दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करणं, हेच खरं. आत्या ऑपरेशननंतर दोन रात्री मला ‘आई’ म्हणून हाका मारत होती. हा भ्रम या वयात बऱ्याच जणांना होतो. चष्मा नि कानाचं यंत्र लावून दिलं, दिवसा खिडकी उघडी ठेवली, घरचं कुणीतरी सतत जवळ बसलं. हळूहळू ती ताळ्यावर आली.

दोघींची हाडं मुळात ठिसूळ झाली होती. आत्याच्या डिस्चार्ज कार्डावर मात्र वेदनाशामकं नि कॅल्शियम एवढंच होतं. पुढच्या तपासणीला मी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी आणि डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची, तपासणी लिहिली, आणि हाडं बळकट करायचं औषध सुरू केलं. काकूंच्या सुनेलाही मी तेच विचारायला पाठवलं.