जगबांधणी : भूमिकाखेळासाठी खान्देशी जग

जगबांधणी म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमसाठी स्वतःचे कल्पित जग उभे करणे. या खेळात चार-सहा जण एकत्र बसतात. एक जण गेम मास्टर होतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. गेम मास्टर प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते बोलून दाखवतात, आणि निकाल कसाही लागू शकतो अशा ठिकाणी फासे पडतात. महिनोन्‌महिने चालणाऱ्या सलग कथेला कॅम्पेन म्हणतात. तयार जग विकत घेऊनही कॅम्पेन खेळता येते. स्वतःचे बांधायचे ठरवले तर नकाशा, हवापाणी, गावे, देव, बोली आणि भांडणे सगळे आपणच ठरवायचे. कादंबरीकारही जग उभे करतो, पण त्याची पात्रे तो नेईल तिकडे जातात. इथला खेळाडू मध्येच विचारतो, ‘या विहिरीचं पाणी कोणाचं?’ आणि उत्तर तिथल्या तिथे द्यावे लागते. हे उत्तर देता येणे हीच जगबांधणीची खरी परीक्षा.

छापील स्वरूपातला हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पहिली आवृत्ती म्हणजे एका पेटीतल्या तीन पुस्तिका. त्या छापण्याआधीच आर्नेसनचे ब्लॅकमूर आणि गायगॅक्सचे ग्रेहॉक ही जगे खेळली जात होती. नियम आधी आणि जग मागून, असे मुळात झालेच नाही. १९७५ मध्ये एम. ए. आर. बार्कर यांचे टेकुमेल हे जग प्रसिद्ध झाले. बार्कर उर्दू आणि बलुची भाषांचे अभ्यासक होते, आणि त्यांच्या जगाचा कणाही भाषाच होती. ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९६६ पासून रचलेले ग्लोरँथा दैवतकथांवर उभे आहे. त्यावर आधारलेला ‘रूनक्वेस्ट’ हा खेळ १९७८ मध्ये आला. मराठी खेळाडूंसाठी अलीकडची एक तारीख महत्त्वाची : जानेवारी २०२३ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. श्रेय देऊन ते मराठीत किंवा अहिराणीत आणता येतात आणि वाटताही येतात.

जग बांधायच्या दोन वाटा सांगितल्या जातात. एक वरून खाली येते : आधी विश्वाची उत्पत्ती, मग खंड, राज्ये, राजवंश आणि सगळ्यात शेवटी गाव. दुसरी खालून वर जाते : आधी एक गाव, त्याचा बांध, त्याचा बाजार, आणि पात्रे चालतील तसतसे पुढचे. पहिली वाट मोहात पाडते. तीन हजार वर्षांचा इतिहास लिहून तयार असतो आणि पहिल्या बैठकीत खेळाडू विचारतात, ‘इथं जेवायला काय मिळतं?’ खान्देशातल्या टेबलाला दुसरी वाट अधिक मानवते, कारण गाव आपल्याला आतून माहीत असते.

भूमी

खान्देश म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे. ऐतिहासिक खान्देशात बुऱ्हाणपूर आणि असीरगडही येत. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी ७२४ किमी लांबीची तापी. नकाशा काढायला शिकणाऱ्याला इतकी स्पष्ट चौकट क्वचित मिळते. या खेळाचा नकाशा षटकोनी घरांत आखतात, आणि एक षटकोन सहा मैल रुंद घेण्याची जुनी पद्धत आहे. असा एक षटकोन भरतो सुमारे ८१ चौ. किमी. तिन्ही जिल्ह्यांचे क्षेत्र २५,००० चौ. किमीच्या आसपास आहे, म्हणजे अख्खा खान्देश सुमारे ३१० षटकोनांत बसतो. वर्षभराच्या कॅम्पेनला यातले वीस-पंचवीसही पुरतात. नवखे गेम मास्टर खंडच्या खंड रंगवतात. एका तालुक्याएवढी जमीन किती कथा पुरवते याचा अंदाज त्यांना नसतो.

हवामानही नियमांत उतरले पाहिजे. परदेशी जगांत प्रवाशाचा शत्रू बर्फ असतो, इथे ऊन आहे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. अशा मुलखात काफिला दुपारी झाडाखाली पडून राहणार आणि रात्री चालणार. मग भेटीगाठी, चोऱ्या, पहारे सगळे रात्रीचे होते आणि कंदिलाच्या तेलाला मोल येते. एका उन्हाने कॅम्पेनचे सगळे वेळापत्रक बदलते.

पाणी

या भूमीतली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट अशी की तापी मोठी असूनही जुन्या शेतकऱ्याच्या फारशी कामाची नव्हती. तिचे काठ उंच, पात्र खोल, आणि काठालगतची माती घळींनी फाटलेली. बांध घालून पाणी शेतात नेणे जमले ते पांझरेसारख्या लहान नद्यांवर. कल्पित जगात आपण मोठ्या नदीकाठी मोठे शहर ठेवून मोकळे होतो. खान्देश विचारायला लावतो : पाणी दिसते, पण ते वर चढते का?

पांझरेवर शेकडो वर्षे चाललेली फड पद्धत जग बांधणाऱ्याने मुळातून समजून घ्यावी. नदीत दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे सहसा चार भाग, म्हणजे फड. एका फडात त्या हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. पुढच्या वर्षी पिके फिरतात. शेतकऱ्याच्या जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असल्यामुळे एखादा फड पडीक ठेवायची वेळ आली तरी कोणी एकटा बुडत नाही. पाटकरी पाणी देतो, जागल्या राखण करतो, हवालदार त्यांच्यावर देखरेख ठेवतो.

आता हे टेबलावर आणा. निंबनेर नावाचे कल्पित गाव आहे. पात्रे रात्री पोहोचतात, घोडी तहानलेली आहेत. एक खेळाडू म्हणतो, ‘मी पाटाचा काठ जरा फोडतो, घोडी पिऊन घेतील.’ गेम मास्टर फासे मागत नाही, कारण ओली माती पायाने फोडायला कौशल्य लागत नाही. पाणी खळखळ खाली उतरते. थोड्या वेळाने बांधावरून कंदील हलत येतो आणि आवाज येतो, ‘कोन शे रे तठे?’ जागल्याच्या हातात फक्त काठी आहे. चारही पात्रे मिळून त्याला सहज लोळवतील. पण सकाळी पंच बसतात. रात्रीची पाळी दुसऱ्या फडाची होती, पाणी ओढ्यात गेले, अठरा घरांचा हरभरा कोरडा राहिला. भरपाई कोण देणार? पात्रांच्या पिशवीत सोने आहे, पण गावाला सोने नको, पुढच्या पाळीपर्यंत पाटावर राबणारे हात हवेत. पहिल्या दोन बैठका यातच जातात, आणि खेळाडूंना गावातल्या प्रत्येक घराचे नाव पाठ होते. राक्षस अजून आलेलाच नसतो.

तेल

चाळीसगावजवळच्या पाटणे येथे इ. स. १२०६ च्या सुमाराचा शिलालेख आहे. गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिले, असे त्यात कोरले आहे. संस्कृत मजकुराला जोडून मराठीत दानाचा तपशील येतो : पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरचा राजाचा वाटा मठाला, आणि प्रत्येक घाण्यामागे एक पळी तेल. गणिताची पाठशाळा तेलाच्या पळ्यांवर चालत होती. जगबांधणीचे मर्म सांगायला मला याहून नेमके उदाहरण माहीत नाही. मठाचे शिखर किती उंच, हे कोणीही लिहील. त्याचा दिवा कोणाच्या तेलावर जळतो हे लिहिले की बाजार, तेली, राजा आणि विद्यार्थी एका ओळीत जोडले जातात.

याच मुलखात तेलाची दुसरी कथा आहे. सातपुड्यात अस्तंभ्याचे १,३२५ मीटर उंचीचे शिखर अश्वत्थाम्याचे स्थान मानले जाते. धनत्रयोदशीपासून तिथे यात्रा चालते. कपाळावरची जखम घेऊन तो चिरंजीव भटकतो आणि जखमेसाठी तेल मागतो, असे लोक सांगतात. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की निंबनेरची कॅम्पेन सुरू होते. गावात नऊ घाणे होते, आता दोन उरले, कारण घाटापलीकडचे व्यापारी तीळ चढ्या भावाने उचलतात. डोंगरातल्या मठात आता संध्याकाळनंतर वाचन बंद झाले आहे. आणि गेल्या अमावास्येपासून कोणीतरी रात्री दार वाजवून तेल मागते. मठाचा माणूस असेल, की डोंगरावरचा तो? पळीभर तेल कोणाला द्यायचे, हे पात्रांनी ठरवायचे.

दूरचे कारणही जवळ आणता येते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि खान्देशातल्या कापसाचा भाव चढला. युद्ध संपले तसा तो उतरला. निंबनेरच्या तिळाचा भाव घाटापलीकडच्या कोणत्या लढाईने चढला, हे गेम मास्टरने स्वतःपुरते एका ओळीत लिहून ठेवावे. खेळाडूंना ते वर्षभराने कळले तरी चालेल.

डोंगरातली माणसे आणि देव

इथे मला आग्रहाने एक सांगायचे आहे. वाटेत कोण भेटणार हे ठरवणाऱ्या, तयार पुस्तकांतल्या तक्त्यांत डोंगर म्हटला की दरोडेखोर येतात आणि पात्रे त्यांना मारून पुढे जातात. सातपुड्यात हा तक्ता जसाच्या तसा चालवणे अन्यायाचे आहे. सेंधव्याच्या घाटाचे रक्षण करणारा खाज्या नाईक हा भिल्ल पुढारी १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला, म्हणून सरकारी दप्तरात तो लुटारू ठरला. घाट राखणारा आणि घाट लुटणारा यांत फरक बहुधा दप्तर लिहिणाऱ्याचा असतो. कल्पित जगातही बारीवर, म्हणजे खिंडीत, कोणी अडवले तर त्याचा त्या वाटेवर हक्क काय, हे आधी ठरवावे. मग जकात देणे, बोलणी करणे, वाटाड्या म्हणून त्याला सोबत घेणे असे लढाईखेरीज चार मार्ग उघडतात.

देवांचेही तसेच. कानबाई श्रावणात घरोघर बसते, रोटांचा नैवेद्य होतो. देवमोगरा आणि वाघदेव आजही पूजले जातात. अक्कलकुव्याकडच्या काठीची होळी रात्रभर ढोल घुमल्यावर पहाटे पेटते आणि त्यासाठी नवस केलेली माणसे आधीचे दिवस पाळणूक करतात. जी देवता शेजाऱ्याच्या घरी बसते तिला हिट पॉइंट, म्हणजे लढाईत मार खाऊन घटणारे जीवनगुण, देऊ नयेत. तिच्याकडून रचना घ्यावी : नवस बोलणे, तो फेडायचा दिवस, त्याआधीची पथ्ये आणि पथ्य मोडल्यावर येणारे ओझे. एखाद्या पात्राला मंत्रशक्ती हवी असेल तर तिची किंमत अशा पाळणुकीत मोजता येते. जादू मग फुकटची राहत नाही. कॅम्पेनच्या आधी नुसत्या बोलण्याची एक बैठक घेण्याची रीत आहे. कोणाच्या घरचे काय टेबलावर आणायचे नाही, हे तिथे स्पष्ट विचारून घ्यावे.

नावे

नावे बनवताना आधी प्रत्यय पाहावेत. अमळनेर, जामनेर, थाळनेर, पिंपळनेर यांतला ‘नेर’, कोंडाईबारीतली खिंडीची ‘बारी’, डोंगरातला ‘पाडा’, नदीकाठचे ‘खेडे’. एवढ्या चार तुकड्यांत नकाशा वाचता येऊ लागतो : नाव बारीवर संपले की खेळाडू सावध होतात. मुलखाच्या नावालाही एकच उत्तर ठेवू नये. खान्देशाला कोणी कान्हदेश म्हणतो, कोणी खानांचा देश. १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर अकबराने शाहजादा दानियालच्या नावावरून त्याला दानदेश केले. आपल्या जगातही राजाचा कारकून, तेली आणि डोंगरातला वाटाड्या यांनी एकाच भूमीला तीन नावे द्यावीत. पात्राच्या तोंडी कोणते नाव येते त्यावरून तो कोणाच्या बाजूचा, हे ऐकणाऱ्याला कळते. बोलीही अशीच वापरावी. जागल्या अहिराणीत बोलला आणि मठाधिपती पुस्तकी मराठीत, तर वर्णनाची दोन वाक्ये कमी लागतात. लेवा, पावरी, भिली, गुजरी या बोली घरी बोलणारे खेळाडू टेबलावर असतील तर त्या पात्रांची वाक्ये त्यांच्याकडूनच घ्यावीत. उच्चाराची नक्कल करून हसू काढू नये.

वही

नकाशा पेन्सिलीने काढावा आणि तापीपलीकडचा भाग कोरा ठेवावा. प्रत्येक बैठकीनंतर काय घडले याची गोष्ट लिहिण्यापेक्षा कोणाचे कोणाकडे काय निघते ते लिहिलेले पुढच्या बैठकीला जास्त उपयोगी पडते. निंबनेरच्या वहीचे पहिले पान असे भरते : दुसरा फड, पाट फोडला, चार माणसांचे सहा दिवस बाकी. जागल्याचा कंदील फुटला, नवा देणे. तेलीणबाईंकडून एक पळी तेल, उधार. दारावर आलेल्याला दिले. कोण होता, विचारले नाही.