लारापिंटा: पाण्याच्या हिशेबाने चालण्याची वाट

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, ॲलिस स्प्रिंग्ज या गावापासून पश्चिमेकडे, मॅकडॉनेल पर्वताच्या कण्यावरून लारापिंटा नावाची पायवाट जाते. तिची लांबी 220 किलोमीटरहून अधिक असून ती 12 टप्प्यांत विभागलेली आहे. संपूर्ण वाट पायी पार करायला बहुतेकांना दोन आठवडे लागतात. वाटाड्यासह जाणारे गट बहुधा तिचा काही भागच निवडतात आणि पाच-सहा दिवस पाठीवर सॅक घेऊन चालतात. अशा गटाचा दिनक्रम बाहेरून पाहणाऱ्याला थोडा जाचक वाटतो, कारण पहाटे उजाडण्याआधी उठायचे, ठरलेल्या ठिकाणीच थांबायचे, सावलीत मोहक दिसणाऱ्या झाडाखाली तंबू लावायचा नाही, असे नियम वाटाड्या न कंटाळता सांगत राहतो. माझ्या मते या नियमांत मनमानी अजिबात नाही, कारण त्यांतला जवळजवळ प्रत्येक नियम पाण्यापाशी येऊन थांबतो आणि पाण्याची गोष्ट तिथल्या खडकापासून सुरू होते.

प्रथम शरीराचा हिशेब पाहू. सुमारे 15 किलोची सॅक घेऊन चढ-उतारावर चालणाऱ्या माणसाचे शरीर ढोबळमानाने 500 वॉट दराने ऊर्जा खर्च करते. स्नायूंची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्क्यांच्या पुढे जात नसल्यामुळे त्यातील सुमारे 400 वॉट ही निव्वळ उष्णता असते आणि ती शरीराबाहेर टाकावीच लागते. एक लिटर घाम त्वचेवरून उडून जाताना साधारण 24 लाख ज्यूल उष्णता घेऊन जातो. तासाभरात 400 वॉटची उष्णता होते 14 लाख 40 हजार ज्यूल, म्हणजे केवळ घामाच्या भरवशावर राहिल्यास तासाला सुमारे 600 मिलिलिटर पाणी खर्ची पडते. सहा तासांच्या चालीला साडेतीन लिटरांहून अधिक पाणी लागते. स्वयंपाकाचे आणि रात्रीचे पाणी वेगळेच. पाण्याचा प्रत्येक लिटर पाठीवर एक किलो वजन वाढवतो आणि वाढलेले वजन वाहण्यासाठी पुन्हा थोडी अधिक उष्णता निर्माण होते, त्यामुळे वाटेल तेवढे पाणी बरोबर घेऊन निघणे हा या प्रश्नावरचा उपाय ठरू शकत नाही.

मे ते ऑगस्ट या हिवाळ्याच्या महिन्यांत दिवसाची हवा गार असल्याने उष्णतेचा बराच भाग हवाच वाहून नेते आणि घामावरचा भार हलका होतो. उन्हाळ्यात मात्र ॲलिस स्प्रिंग्जचे सरासरी कमाल तापमान 36 अंशांच्या आसपास असते. त्वचेच्या तापमानाइतकीच किंवा तिच्याहून गरम हवा शरीराची उष्णता घेत नाही, उलट देऊ लागते. मग सगळा भार घामावर पडतो आणि म्हणूनच चालण्याचा हंगाम हिवाळ्यात बांधलेला आहे. इथल्या कोरड्या हवेत घाम फुटताक्षणी उडतो, कपडे ओले होत नाहीत आणि किती पाणी गेले याचा अंदाजच येत नाही. पाणी कमी पडण्याचा धोका सर्वांना समजतो, परंतु नुसते साधे पाणी भराभर पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते आणि डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण अशी उष्माघातासारखीच वाटणारी लक्षणे दिसू लागतात. म्हणूनच दर थांब्यावर पाण्याबरोबर खारे काहीतरी खायला देण्याची वाटाड्याची पद्धत आहे.

एवढे पाणी वाटेवर येते कुठून? वाटेवर एका-दोन दिवसांच्या चालीने पाण्याच्या टाक्या बसवलेल्या आहेत आणि टप्प्यांची आखणी त्यांच्याशी जुळवलेली आहे. टाक्यांच्या कितीतरी आधीपासून हजारो वर्षे या प्रदेशात राहणाऱ्या आरर्न्टे लोकांनी मात्र डोंगरातील कायमचे डोह ओळखून आपल्या वाटा आखल्या होत्या. या रांगेला ते त्योरित्या म्हणतात. वर्षाला सरासरी 280 मिलिमीटर पाऊस आणि उघड्या पाण्याचे बाष्पीभवन त्याच्या सुमारे दसपट, असा जिथला हिशेब आहे तिथे पाणी वर्षभर टिकणे हेच मुळात नवल आहे. ते नवल खडकाने घडवले आहे.

मॅकडॉनेलच्या तांबूस, लांबच लांब धारा, म्हणजे डोंगराच्या अरुंद माथ्यांच्या रांगा, हेविट्री क्वार्टझाइट नावाच्या खडकाच्या आहेत. सुमारे 80 कोटी वर्षांपूर्वी एका उथळ समुद्राच्या तळाशी साठलेली वाळू दाबाखाली आणि सिलिकाच्या जोडणीने इतकी घट्ट झाली की त्या खडकाची झीज अतिशय सावकाश होते. पुढे सुमारे 45 ते 30 कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घ काळात भूकवचावर ताण येऊन हे थर दुमडले, उभे झाले आणि उंच पर्वत तयार झाला. त्यानंतरच्या झिजेत मऊ थर खचून दऱ्या झाल्या आणि क्वार्टझाइट धारांच्या रूपाने मागे उरला. या धारा पूर्व-पश्चिम जातात. नद्या मात्र त्यांना बगल न देता उत्तरेकडून दक्षिणेकडे, धारा आडव्या चिरून पार होतात. पर्वत हळूहळू उचलला जात असताना आधीपासूनची नदी आपले पात्र तितक्याच वेगाने खोल करत राहिली, हे याचे एक स्पष्टीकरण आहे. दुसऱ्या स्पष्टीकरणानुसार नदी आधी वरच्या, आता नाहीशा झालेल्या थरावर वाहत होती आणि तो थर झिजल्यावर खालच्या कठीण खडकावर तिचा जुनाच मार्ग कोरला गेला. कोणतेही मान्य केले तरी अशा नद्यांपैकी एक असलेल्या फिंक नदीचा मार्ग जगातील अतिप्राचीन नदीमार्गांपैकी एक ठरतो. लारापिंटा हे नाव याच नदीच्या आरर्न्टे नावावरून आले आहे.

नदीने धार चिरलेल्या अरुंद खिंडीत पुराचे सगळे पाणी एकवटते, त्याचा वेग वाढतो आणि ते तळाची वाळू उपसून खोल डोह कोरते. पूर ओसरल्यावर पात्र कोरडे पडते, डोह मात्र उरतो. दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंती दिवसाचा बहुतेक काळ त्यावर सावली धरतात आणि त्यामुळे बाष्पीभवन मंदावते. एलरी क्रीक, ऑर्मिस्टन आणि रेडबँक येथील डोह असे आहेत. खोल आणि सावलीतले हे पाणी इतके गार असते की तापलेल्या अंगाने त्यात उडी घेणाऱ्याचा श्वास क्षणभर आपोआप आत खेचला जातो आणि तोंड पाण्याखाली असल्यास तो श्वास जिवावर बेतू शकतो. स्टँडली कॅझम ही प्रसिद्ध घळ वेगळ्या रीतीने झाली. तिथे क्वार्टझाइटच्या भेगेत डोलेराइट या शिलारसापासून बनलेल्या खडकाची उभी भित्ती घुसली होती. तो खडक क्वार्टझाइटपेक्षा लवकर कुजल्याने पाण्याने त्याला धुऊन नेले आणि दोन्ही बाजूंच्या भिंती उभ्या राहिल्या.

पात्र कोरडे दिसले तरी वाळूखाली पाणी असते आणि नदीकाठची रेड गम ही निलगिरीची जात मुळे खोल नेऊन त्यावर जगते. ही झाडे कधी कधी वाऱ्याचे चिन्ह नसतानाही मोठ्या फांद्या गाळतात, म्हणून त्यांच्या दाट सावलीत तंबू लावायला मनाई असते. पात्रातल्या मऊ वाळूवर झोपायचे नाही, कारण वरच्या खोऱ्यात दूर कुठे तरी कोसळलेला पाऊस इथले आकाश स्वच्छ असतानाही पूर आणू शकतो. पात्रात न झोपण्याला आणखी एक कारण आहे. हा प्रदेश मकरवृत्ताजवळ, खाली उतरणाऱ्या कोरड्या हवेच्या पट्ट्यात येतो. हिवाळ्यात ढग नसतात आणि बाष्पही कमी असते, त्यामुळे सूर्य मावळताच जमीन आपली उष्णता वेगाने अवकाशात सोडते. थंड झालेली जड हवा उतारावरून ओघळून दरीत साठते. परिणामी नदीकाठच्या मुक्कामी पहाटे पाण्याच्या बाटल्या गोठू शकतात, तर ब्रिंकली ब्लफसारख्या 1200 मीटर उंचीच्या कड्यावर वारा असला तरी गारठा कित्येकदा कमी असतो.

खिंडींच्या ओलाव्यावर मॅकडॉनेल सायकॅड ही वनस्पती टिकून आहे. अतिशय सावकाश वाढणारी ही जात फक्त मध्य ऑस्ट्रेलियातल्या या डोंगरांत सापडते आणि आजच्यापेक्षा ओल्या काळाचा अवशेष मानली जाते. पण प्रत्येक एकाकी जातीला असे लेबल लावणे धोक्याचे आहे. लारापिंटापासून थोड्या दक्षिणेला, पाम व्हॅलीत, कोवळेपणी तांबडी पाने असणाऱ्या ताडांची एक वस्ती आहे. पूर्वी तीही कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जंगलाची खूण समजली जाई. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले की सुमारे 1000 किलोमीटर उत्तरेकडच्या ताडांपासून ही वस्ती अवघ्या काही हजार ते काही दहा हजार वर्षांपूर्वी वेगळी झाली, म्हणजे बिया बहुधा माणसांनी आणल्या असाव्यात. उत्तरेकडून दैवतांनी बिया आणल्याची पश्चिम आरर्न्टे परंपरेतील कथा कार्ल स्ट्रेलो या जर्मन मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच नोंदवून ठेवली होती. लिखित विज्ञानाला इतक्या उशिरा सापडलेले उत्तर मौखिक परंपरेत आधीच होते, ही गोष्ट मला या साऱ्या प्रदेशातील सर्वांत विचार करण्याजोगी वाटते.

याच ओलाव्यावर आज बफेल गवताने ताबा मिळवला आहे. हे गवत म्हणजे महाराष्ट्रातील कुरणांत जनावरांसाठी मुद्दाम लावले जाणारे अंजन गवत. 1866 साली कराचीहून उंट आणले गेल्यावर वायव्य हिंदुस्थान आणि अफगाणिस्तानातून उंटवाले येत राहिले. त्यांच्या खोगिरांत भरलेल्या गवतातून या जातीचे बी प्रथम पोहोचले असे मानले जाते. पुढे चाऱ्यासाठी आणि धूळ दाबण्यासाठी ते जाणीवपूर्वक पेरले गेले. ते देशी गवतांपेक्षा दाट वाढते आणि जळताना अधिक उष्णता देते, त्यामुळे शतकभर आगीपासून बचावलेले रेड गम वृक्षही आता जळून जातात.

वाटेची सुरुवात ॲलिस स्प्रिंग्जच्या जुन्या तारघरापाशी होते आणि तिथेही प्रश्न पाण्याचाच होता. 1872 साली पूर्ण झालेली तारेची ओळ दक्षिण किनाऱ्यापासून डार्विनपर्यंत गेली. तिथून समुद्राखालच्या तारेने संदेश जावा, सिंगापूर, मद्रास आणि मुंबई या मार्गाने लंडनला पोहोचत. या ठाण्यासाठी जागा निवडली गेली ती टॉड नदीच्या पात्रातला डोह पाहून. त्याला झरा समजून स्प्रिंग्ज, म्हणजे झरे, असे नाव दिले गेले. प्रत्यक्षात तिथे झरा नाही. वाळूखालून वाहणारे पाणी कठीण खडकाने अडवल्यामुळे ते वर साठते.

पश्चिम टोकाला 1380 मीटर उंचीचे र्वेत्येप्मे, म्हणजेच माउंट सॉन्डर, हे शिखर आहे. सूर्योदय वरून पाहायचा म्हणून गट रात्री दोन-तीनच्या सुमारास डोक्याला दिवे बांधून निघतो. उजाडले की मागे चालून आलेल्या धारा एकामागे एक उलगडतात आणि फिंकचे कोरडे पात्र काठच्या हिरव्या झाडांच्या रेषेवरून ओळखू येते. डोंगराच्या अशाच उंच, खडकाळ माथ्यांवर मध्य ऑस्ट्रेलियाचा खडक-उंदीर राहतो. तो नामशेष झाला असे समजले जात होते, परंतु 1996 साली याच रांगेत तो पुन्हा सापडला. शिखरावर पाण्याची टाकी नाही आणि पलीकडे उतरणारी वाटही नाही. म्हणून ऊन चढण्याआधीच वाटाड्या प्रत्येकाच्या बाटलीत किती पाणी उरले आहे ते पाहतो आणि गट आल्या वाटेनेच रेडबँकच्या टाकीकडे उतरू लागतो.