ग्रॅव्हल सायकल आव्हान, स्वयंआयोजित

आधी आखलेला लांब पल्ल्याचा, बहुतांशी कच्चा मार्ग सायकलस्वाराने पूर्णपणे स्वतःच्या भरवशावर पार करण्याचा प्रकार. याला संयोजक नसतो, प्रवेशशुल्क नसते आणि मागून मदतीची गाडीही येत नाही. कुणीतरी मार्गाची जीपीएक्स फाइल (जीपीएस यंत्रात भरायचा आखीव मार्ग) बनवून वाटतो, तारीख सुचवतो. ज्याला जमेल तो येतो. वेळेची नोंद ज्याच्या त्याच्या जीपीएस यंत्रावर राहते. पल्ला १०० किमी.पासून काही हजार किमी.पर्यंत असू शकतो.

‘ग्रॅव्हल’ला मराठीत रुळलेला शब्द नाही. ‘खडी’ म्हटले की डांबरीकरणाआधी अंथरलेली धारदार खडी डोळ्यांसमोर येते, आणि तिच्यावरून सायकल हाकण्याची हौस कुणालाच नसते. चाकाखाली खरा असतो तो मुरूम. पाणंद, गाडीवाट, कालव्याच्या भरावावरचा रस्ता, माळावरची चाकोरी हे सगळे त्यात आले. सायकलस्वार मात्र सरळ ‘ग्रॅव्हल’ म्हणून मोकळे होतात.

या प्रकाराचे मूळ अमेरिकेतले. जॉन स्टॅमस्टॅडने १९९९ मध्ये रॉकी पर्वतातला ग्रेट डिव्हाइड मार्ग एकट्याने सुमारे १८ दिवसांत पार केला. त्याच वाटेवर २००८ पासून ‘टूर डिव्हाइड’ सुरू झाली : कॅनडातील बॅन्फ ते मेक्सिकोची सीमा, सुमारे ४,४०० किमी. भारतीयांना अधिक परिचित असलेली ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, याहून वेगळी. तीतही मदत अपेक्षित नसते, पण क्लब, कार्डावरचे शिक्के आणि मुदत (२०० किमी.ला साडेतेरा तास) असते, शिवाय ती बहुधा डांबरावर होते.

सातारा जिल्हा या प्रकाराला फार सोयीचा आहे, कारण १०० किमी.च्या आत येथे मुलूखच बदलतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस, तर माण तालुक्यात ५०० मिमी.च्या आसपास. पश्चिमेला यवतेश्वरचा घाट, जांभ्याचे सडे, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, खाली बामणोलीला कोयनेचे पाणी. पूर्वेला कोरेगाव ओलांडून वर्धनगडाची खिंड चढली की खटाव-माणची माळराने लागतात. पुसेगाव, दहिवडी, म्हसवड असा हमरस्ता आहेच. ग्रॅव्हलवाला मात्र त्याला समांतर जाणाऱ्या गाडीवाटा शोधत बसतो. नकाशावर ठळक दिसणारी पाणंद प्रत्यक्षात कुणाच्या तरी बांधापाशी संपते, म्हणून मार्ग आखणाऱ्याने तो स्वतः एकदा चालवून पाहिलेला बरा.

पश्चिमेचा मोह आवरावा लागतो. कास पठाराचा पश्चिम घाटासोबत २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. तिथल्या कातळावरच्या मातीचा थर इतका पातळ की चाकाचा माग राहतो. सायकल डांबरी रस्त्यावरच ठेवावी. कोयना अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येते, तिथल्या जंगलवाटांवर परवानगीशिवाय शिरता येत नाही. त्यामुळे खरे ग्रॅव्हल पूर्वेकडेच.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात काळी माती टायर आणि चिमट्याच्या मध्ये घट्ट बसते, चाक फिरेनासे होते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. एप्रिल-मेमध्ये माणचे ऊन आणि पाण्याची टंचाई. हिवाळाही निर्वेध नाही : गाळपाचा हंगाम असल्याने उसाच्या ट्रॉल्या अंधारात, अनेकदा मागच्या दिव्याविना चालतात.

टायर ४० ते ५० मिमी. रुंद, हवा जरा कमी, आत ट्यूबऐवजी सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारा द्रव. बाभळीचा काटा हा इथला मुख्य शत्रू; सीलंट असले तर काटा काढून चाक फिरवले की छिद्र बहुधा आपोआप बुजते. दुसरा धोका मेंढपाळांच्या कुत्र्यांचा. जोर लावून पळू नये. खाली उतरून सायकल मध्ये धरावी आणि धनगराला हाक मारावी. तो कुत्र्यांना नावाने बोलावतो आणि प्रकरण मिटते.

नियम थोडे, पण काटेकोर. दुकान, हॉटेल, पंक्चरवाला असे जे सर्वांना खुले ते वापरता येते. आधी ठरवून ठेवलेली मदत चालत नाही, म्हणजे दहिवडीच्या मावशीकडे ठेवलेला डबा बाद. वाटेत अनोळखी माणसाने आपणहून दिलेले ताक बहुतेक ठिकाणी खपवून घेतात; ते नाकारले तर माणदेशात वाईट दिसते, हेही आहे. वाट चुकली तर जिथून चुकली तिथे परत जाऊन पुढे निघायचे. हे पाहायला कुणी नसते.

अर्ध्यात सोडणाऱ्याला उचलून आणणारे वाहन नाही. एसटीत सायकल घेणे वाहकाच्या मर्जीवर. म्हसवडहून परतताना बरेचदा साताऱ्याकडे रिकामा निघालेला एखादा टेम्पोच कामाला येतो.