‘बारकाईने पाहणे’ यासाठी नेमका शब्द कोणता? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

भाषांतरासाठी किंवा संपादनासाठी आमच्याकडे येणाऱ्या मजकुरात एक दुरुस्ती जवळजवळ रोज करावी लागते. तपासणी, पाहणी, छाननी, निरीक्षण, परीक्षण हे शब्द जो आधी आठवेल तो वापरलेला असतो. आमच्या खुणा पाहून ग्राहक विचारतात, ‘‘अर्थ तर तोच ना?’’ तोच नाही, म्हणून हे पत्रक.

शब्द निवडताना आम्ही एकच पाहतो: पाहून झाल्यावर पुढे काय करायचे आहे? नुसते दिसेल ते टिपायचे असेल, तर निरीक्षण. पक्ष्यांचे, ग्रहांचे, लहान मुलांच्या वागण्याचे निरीक्षण होते. एखाद्या मापाशी ताडून ‘ठीक’ किंवा ‘नादुरुस्त’ ठरवायचे असेल, तर तपासणी. यंत्राची, डोळ्यांची, उत्तरपत्रिकांची. ढिगातले काही ठेवून काही बाद करायचे असेल, तर छाननी. तिच्या मुळाशी गाळण्या-चाळण्याचा अर्थ आहे, त्यामुळे आलेल्या अर्जांची छाननी कानाला बरोबर लागते आणि एकुलत्या एका पंपाची छाननी खटकते. जागेवर जाऊन अंदाज घ्यायचा, तर पाहणी. सांगितलेले खरे आहे का हे पुराव्याशी जुळवायचे, तर पडताळणी. बातमी ऐकीव असेल, तर शहानिशा.

तपास आणि तपासणी यांत फक्त एका ‘णी’चा फरक आहे, पण तो महागात पडतो. तपास गुन्ह्याचा किंवा हरवलेल्या वस्तूचा होतो, आणि तो ‘लागतो’ही. एका ग्राहकाच्या पत्रकात ‘आमच्या मालाचा कसून तपास केला जातो’ असे छापायला निघाले होते. वाचणाऱ्याला वाटले असते, माल चोरीचा आहे! न्यायालयात मात्र तपासणीच्याही तीन जाती आहेत: साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाने घेतलेली ती सरतपासणी, विरुद्ध पक्षाची उलटतपासणी, आणि त्यानंतर पहिल्याच पक्षाने पुन्हा घेतलेली फेरतपासणी. कायदेशीर मजकुरात या तिघींची अदलाबदल अजिबात चालत नाही.

हिंदी मजकुरावरून मराठी करून घेणाऱ्यांनी दोन शब्दांशी जपून राहावे. हिंदीत चिकित्सा म्हणजे उपचार. मराठीत एखाद्या मताची किंवा ग्रंथाची चिकित्सा म्हणजे ते कसोटीला लावून पाहणे. ‘चिकित्सक’ माणूस औषध देत नाही, प्रश्न विचारतो. तसेच हिंदीतल्या क्षेपणास्त्राच्या ‘परीक्षण’ला मराठीत चाचणी म्हणतात. आपल्याकडे परीक्षण पुस्तकाचे किंवा नाटकाचे, गुणदोष दाखवणारे. माती परीक्षण, लेखापरीक्षण हे शब्द रूढ झाले आहेत, ते तसेच ठेवावेत.

आता आमच्या आवडीची गंमत. निरीक्षण, परीक्षा, समीक्षा, प्रतीक्षा, अपेक्षा आणि उपेक्षा हे सगळे संस्कृतातल्या ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे या एकाच धातूचे. म्हणजे बारकाईने पाहणे आणि काणाडोळा करणे एकाच घरातले! ‘ईक्ष्’मधला ‘ई’ मुळातच दीर्घ, त्यामुळे आधी परि लागो वा निर्, संधी होऊन ‘री’ दीर्घच येते, म्हणून ‘परिक्षा’ आणि ‘निरिक्षण’ चूक. ‘अधीक्षक’मधली ‘धी’ही दीर्घ, ती याच कारणाने. हेच शब्द बोलण्यात झिजून निरखणे आणि पारखणे झाले. निरखणाऱ्याला फक्त डोळे लागतात, पारखणाऱ्याला खऱ्याखोट्याची जाण लागते. न्याहाळणे यांहून निराळे, त्यात सवड असते आणि बहुधा मायाही. तांत्रिक अहवालात ते घालू नये.

छायाचित्रांखालच्या ओळींबद्दल. क्लोज-अपला निकटदृश्य, समीपदृश्य असे प्रतिशब्द आहेत, पण सर्वसाधारण वाचकासाठी आम्ही क्लोज-अप असेच ठेवतो. दूरवरून मोठ्या लेन्सने टिपलेला वाघाचा चेहरा हाही क्लोज-अपच, कारण विषयाने चौकट भरली आहे. त्याखाली ‘जवळून काढलेले छायाचित्र’ लिहिले, तर ते खोटे ठरते. मॅक्रो त्याच्या पुढचे. रूढ अर्थाने, वस्तूची प्रतिमा कॅमेऱ्यातल्या संवेदकावर (सेन्सरवर) निदान मूळ आकाराइतकी, म्हणजे १:१, पडली तर ते मॅक्रो. आणि सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या चित्राला या दोन्हींपैकी काहीही म्हणू नये.

सिंहावलोकन भारदस्त वाटते म्हणून ‘सखोल अभ्यास’ या अर्थाने वापरू नका. चालता चालता सिंह मान वळवून मागे पाहतो, तसा गेलेल्या काळावरचा तो दृष्टिक्षेप आहे. विहंगावलोकन तर उंचावरून, बारकाव्यांच्या अगदी उलट. ‘सखोल’ हा शब्दही आम्ही शक्यतो काढूनच टाकतो, वापरून वापरून त्याची खोली गेली आहे.

कीस काढणे, काथ्याकूट, चिरफाड यांत बारकाई आहे, पण ती लिहिणाऱ्याला आवडलेली नाही हेही कळते. स्वतःच्या कामाचे वर्णन करताना हे शब्द चुकूनही येऊ देऊ नका.

मजकूर पाठवताना सोबत दोन ओळी लिहाव्यात: कोण पाहणार आहे आणि पाहून काय ठरणार आहे. एखाद्या संज्ञेचा शब्द आपल्या संस्थेत आधीच ठरलेला असेल, तर तोही कळवावा. आम्हाला दुसरा बरा वाटला तरी छापताना आपलाच ठेवू. चित्रांच्या ओळी असतील, तर चित्रेही पाठवावीत. नुसत्या ओळीवरून कॅमेरा किती जवळ होता हे सांगता येत नाही.